दिग्दर्शन शिकायचं आहे : पदवीनंतर बाहेर पडावं की नाशिकमध्येच नाटकं करत राहावं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. यंदा माझं बी.ए. संपतंय. कॉलेजात एकांकिका बसवल्या, राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या संस्थेच्या दोन अंकी नाटकाला सहायक म्हणून राहिले. अभिनय बरा जमतो. पण तालमीत माझं लक्ष माझ्या वाक्यांवर नसतं. समोरचा दारातून येण्याऐवजी आधीपासूनच खोलीत बसलेला असता तर काय झालं असतं, असलं काहीतरी डोक्यात चालू असतं. त्यामुळे दिग्दर्शनच करायचं हे नक्की आहे.

घरचे म्हणतात एम.ए. करायचं तर मराठीत कर, नाहीतर मास कॉम कर. संस्थेतले ज्येष्ठ म्हणतात दिग्दर्शन शिकवून येत नाही, स्पर्धा करत राहा. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग, दिल्लीचं एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) ही नावं ऐकून आहे. पण अभ्यासक्रमाचा कागद वाचून तिथे दिग्दर्शकाला दिवसभर नक्की काय करायला लावतात ते समजत नाही. तिथे शिकलेल्यांनी आणि न शिकता वर्षानुवर्षं नाटक करणाऱ्यांनी, दोघांनीही लिहा. घरी बोलायच्या आधी मला स्वतःला नीट समजून घ्यायचं आहे.

साईखेडकर_मागची_रांग

बेटा, तुझ्या संस्थेतल्या ज्येष्ठांच्या बाजूने लिहितोय. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. १९७२ साली त्यांनी 'घाशीराम कोतवाल' बसवलं, त्यातल्या नटांच्या रांगेची रचना अजून लोक सांगतात. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्र शिकलेले. आपल्या नाशिकचंच बघ, वसंत कानेटकर एच.पी.टी. कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि संध्याकाळी नाटक लिहीत होते. तात्यासाहेब शिरवाडकरांनी इथे गोदाकाठी बसून 'नटसम्राट' लिहिलं. यांतलं कोणी नाट्यशाळेत गेलं होतं का?

स्पर्धेला संघ उभा करायचा म्हणजे काय असतं हे आम्ही जाणतो. संहिता शोधा, लेखकाची परवानगी काढा, परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र आणा, बँकेतून सहाला सुटणारा नट आणि दवाखान्यात रात्रपाळी असणारी नटी यांची वेळ जुळवा, आणि एवढं करून पडदा वेळेवर उघडा. ज्याला हे जमलं त्याला माणसं सांभाळता आली. दोन वर्षं पुण्यात खोलीभाडं भरण्यापेक्षा त्या पैशांत इथे दोन नाटकं कर. माझं मत मनापासून आहे, रागावू नको.

सिडकोकर

काकांना अनुमोदन. माझा एक मित्र नाट्यशास्त्रात एम.ए. करून आला आणि आता मालिकेत सहायक दिग्दर्शक आहे. कलाकारांना मेकअप रूममधून बोलावणं, कोणत्या सीनला कोणती साडी होती ते लिहून ठेवणं, हेच दिवसभर. त्यासाठी एम.ए. लागत नाही.

प्रॉम्प्टबुक

लांब लिहिणार आहे. मी मूळची नाशिक रोडची. नाट्यशास्त्रात एम.ए. केलं, आता शाळांमधून नाटक शिकवते आणि जमेल तसं नाटक बसवते. कुठून केलं ते लिहीत नाही, कारण माझं म्हणणं सगळ्याच ठिकाणांना लागू आहे.

काका, तुम्ही घेतलेली नावं मलाही प्रिय आहेत. पण त्यांत कानेटकर आणि तात्यासाहेब हे लेखक आहेत. लेखक एकट्याने घरी बसून लिहू शकतो, फाडू शकतो, पुन्हा लिहू शकतो. दिग्दर्शकाला सरावासाठीसुद्धा माणसं, जागा आणि वेळ लागतो. 'नटसम्राट'ही १९७० साली रंगमंचावर आलं ते पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनात. आणि पदवी नसणं म्हणजे शिकणं नसणं असं नाही. दिग्दर्शिका विजयाबाई मेहता इब्राहिम अल्काझींकडे आणि अदी मर्झबान यांच्याकडे शिकल्या. अल्काझी स्वतः लंडनच्या राडा या नाट्यशाळेत शिकून आलेले. त्याही मागे गेलं तर नाटककार गो. ब. देवलांची तालीममास्तर म्हणून ख्याती होती, नट त्यांच्या हाताखाली घडले. म्हणजे आपल्याकडे शिकवणारे कायम होते आणि ज्याला असा माणूस लाभला तो शिकला. गोदाकाठचीला आज नाशिकमध्ये रोज तालमीला येऊन मागे बसणारा असा कोणी आहे का, हा खरा प्रश्न आहे. असेल तर तिने कुठेही जाऊ नये.

स्पर्धा खूप काही शिकवते. पण स्पर्धेत तुमचं काम पहिल्यांदा जाणकार नजरेला पडतं ते प्रयोगाच्या रात्री, आणि तेव्हा सगळं संपलेलं असतं. परीक्षक गुण देतात, चांगले असतील तर चार वाक्यं बोलतात. तिसऱ्या तालमीत तुम्ही एका नटाला खिडकीकडे का पाठवलंत, हे त्यांना कधीच कळत नाही आणि तुम्हालाही कोणी विचारत नाही. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा खिडकीकडे पाठवता. पंधरा वर्षांत पंधरा नाटकं होतात आणि सवयी पक्क्या होत जातात.

आता वर्गात काय होतं ते सांगते. पहिल्या सत्रात आम्हाला नाटक बसवूच दिलं नाही. एक दहा मिनिटांचा प्रसंग, दोन पात्रं, नवराबायको. आधी संहितेचे तुकडे पाडायचे : कुठे कोणाला काय हवंय, आणि ते हवं असणं कोणत्या ओळीला बदलतं. प्रत्येक तुकड्याला एक क्रियापद द्यायचं. 'दुःखी होते' चालत नाही, 'त्याला अपराधी वाटायला लावते' चालतं, कारण नटाला पहिलं करता येत नाही, दुसरं करता येतं. मग ग्राउंड प्लॅन काढायचा, मापात. दार कुठे, खुर्ची कुठे, त्यांच्यामध्ये किती पावलं. त्यानंतर तोच प्रसंग दोन वेगळ्या जोड्यांना घेऊन बसवायचा. एका जोडीला उठायची मुभा, दुसरीला संपूर्ण प्रसंग बसूनच करायचा. माझ्या दुसऱ्या जोडीचा प्रसंग पहिल्यापेक्षा कितीतरी घट्ट झाला. तिला उठून जायचंय आणि ती उठत नाहीये, हे आपोआप दिसायला लागलं. सर मागे बसून होते. नंतर त्यांनी एकच विचारलं : पहिल्या जोडीला जेवढ्या हालचाली दिल्यास त्यांतल्या कोणत्या प्रसंगाने मागितल्या होत्या आणि कोणत्या तुला शांतता सहन होत नव्हती म्हणून आल्या? त्या प्रश्नाने माझं पुढचं सगळं काम बदललं. स्पर्धेच्या घाईत हा प्रयोग करायला कोण वेळ देईल? नटच म्हणतील, ताई, एकदा काय ते ठरवा.

दुसरी गोष्ट, तिथे नट फुकट मिळतात. हे ऐकायला किरकोळ वाटेल. सकाळी दहापासून रात्रीपर्यंत शिकायला आलेली, शरीर आणि आवाज तयार करत असलेली मुलं तुमच्यासोबत असतात. नोकरी सांभाळून आलेला हौशी नट तालमीत दमलेला असतो, त्याच्याकडून तुम्ही चौथ्यांदा वेगळ्या पद्धतीने करून घेऊ शकत नाही. त्याला वाटतं आपलं चुकतंय.

आता उणी बाजू. आपल्याकडच्या बऱ्याचशा पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा भर अभिनयावर आणि एकूण नाट्यशिक्षणावर आहे. वर्गातल्या बहुतेकांना नट व्हायचं असतं. दिग्दर्शन हा एक विषय किंवा शेवटच्या टप्प्यातली एक शाखा म्हणून येतो. विद्यार्थी-दिग्दर्शक म्हणून नाटक निवडताना वर्गातल्या सगळ्यांना भूमिका मिळाल्या पाहिजेत, असा दबाव असतो. तीन पात्रांचं नाटक करायचं मनात असतं आणि अकरा पात्रांचं करावं लागतं. मोठी निर्मिती बाहेरून आलेले दिग्दर्शक करतात, विद्यार्थी त्यांत भूमिका करतात किंवा बॅकस्टेज सांभाळतात. त्यातूनही शिकता येतं, पण ते दिग्दर्शन करणं नव्हे.

म्हणून फॉर्म भरण्याआधी संस्थेच्या नावापेक्षा तिथल्या आत्ताच्या मुलांना गाठ आणि विचार. दोन वर्षांत मी स्वतः किती वेळा पूर्ण प्रसंग, एकांकिका, नाटक बसवेन? संहिता कोण निवडतं? माझ्या तालमीला कोणते शिक्षक प्रत्यक्ष येऊन बसतात, की फक्त शेवटच्या रंगीत तालमीला येतात? रात्री हॉल उघडा असतो का? नेपथ्याला पैसे मिळतात का, की जुन्या लेव्हल (रंगमंचावरचे चौथरे) रंगवून भागवायचं? भागवायला माझी हरकत नाही, पण आधी माहीत हवं. ज्या जागी या प्रश्नांना नेमकी उत्तरं मिळतील तिथे जा, मग ती जागा कितीही लहान असो.

साईखेडकर_मागची_रांग

ताई, वाचलं. तालमीला येऊन मागे बसणारा माणूस, हा मुद्दा मी मान्य करतो. आमच्या वेळी तो होता, आमच्या संस्थेत एक सर होते, चहा पीत मागे बसायचे आणि मध्येच नाटक थांबवायचे. ते गेल्यावर ती खुर्ची रिकामी राहिली हे खरं. तरी माझी एक काळजी आहे. ही मुलं शिकून परत येत नाहीत. पुण्यात, मुंबईत राहतात. मग नाशिकच्या रंगभूमीला त्याचा उपयोग काय?

तिसरी_घंटा

एनएसडीबद्दल थोडं, कारण मी प्रवेशासाठी तयारी केली होती आणि तिथे शिकलेल्यांच्या हाताखाली काम केलंय.

१९५९ साली संगीत नाटक अकादमीने सुरू केलेली ही शाळा १९७५ पासून स्वायत्त आहे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ, निवासी. पदवी हवीच, शिवाय किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा आणि हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान लागतं. गोदाकाठची, तुझ्या एकांकिकांच्या पत्रिका, प्रमाणपत्रं, फोटो आत्तापासून एका फाइलला लाव. सहायक म्हणून केलेल्या कामाचंही संस्थेकडून पत्र घेऊन ठेव. पहिली फेरी वेगवेगळ्या शहरांत होते, निवडलेल्यांना दिल्लीत काही दिवसांच्या कार्यशाळेला बोलावतात. विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावृत्ती मिळते, त्यामुळे घरच्या परिस्थितीमुळे मागे हटू नकोस.

पहिलं वर्ष सगळ्यांना समान असतं आणि मग अभिनय किंवा डिझाइन-दिग्दर्शन अशी वाट निवडता येते. दिग्दर्शन आणि डिझाइन एकत्र शिकवतात हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अल्काझी १९६२ ते १९७७ तिथे संचालक होते आणि ती दृष्टी त्यांनी रुजवली. 'अंधा युग' त्यांनी १९६३ साली फिरोजशाह कोटल्याच्या भग्न अवशेषांत केलं. जागा निवडण्यातच अर्धं दिग्दर्शन झालेलं होतं. रतन थियाम तिथून शिकून इंफाळला परतले आणि १९७६ साली कोरस रेपर्टरी ही नाट्यमंडळी उभी केली, मणिपुरी भाषेत, स्वतःच्या गावी. काका, परत येण्याचं हे उदाहरण तुमच्यासाठी.

भाषेचा प्रश्न मात्र आहे. तिथलं काम हिंदी-इंग्रजीत चालतं. मराठी संहितेवर तीन वर्षं हात बसत नाही. मराठीतच नाटक करायचं असेल तर पुणे किंवा मुंबईला हा मोठा फायदा आहे. ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, आळेकर सरांनी बरीच वर्षं ते सांभाळलं. आपलं नाशिक त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं, त्यामुळे कागदपत्रांची धावपळ कमी. मुंबईची अकॅडमी २००३ साली सुरू झाली, वामन केंद्रे यांनी ती उभी केली.

आणखी एक नाव, जे आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही. कर्नाटकातल्या हेग्गोडू गावात के. व्ही. सुब्बण्णांनी १९८० साली 'नीनासम'चं नाट्य शिक्षण केंद्र सुरू केलं. एक वर्षाचा अभ्यासक्रम, कन्नडमधून. भाषेमुळे आपल्याला ते अवघड, पण एकदा जाऊन बघ. खेड्यात नाट्यशाळा चालते, आणि तिथून निघालेलं नाटक 'तिरुगाट' या फिरत्या मंडळीबरोबर गावोगाव जातं. नाशिकसारख्या शहरात का होऊ शकत नाही, असं मला दरवेळी वाटतं.

विंगेतला_माणूस

मी प्रकाशयोजना आणि नेपथ्याची कामं करतो, कालिदास आणि साईखेडकर या नाट्यगृहांत, शिकवण्याशी माझा संबंध नाही. पण रोज दिग्दर्शक बघतो म्हणून लिहितो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सेट लागतो, दुपारी लाइट लावायचे, संध्याकाळी प्रयोग. दिग्दर्शक माझ्याकडे येतो आणि म्हणतो, दादा, इथे जरा मूड पाहिजे. मूड कुठल्या दिव्याने देऊ? बाजूने देऊ की वरून, नटाचा चेहरा दिसायला हवा की नुसती आकृती, हे त्याने ठरवलेलंच नसतं. मग मी निळा टाकतो, कारण निळा टाकला की सगळे खूश होतात. प्रसंग संपला की काळोख, काळोखात धावपळ, टेबल आपटल्याचा आवाज, पुन्हा उजेड. अख्ख्या नाटकात असे इतके काळोख येतात की प्रेक्षक नाटकातून बाहेरच फेकला जातो. हे तालमीत सुटायला हवं होतं, तिथे कोणी विचारच केलेला नसतो.

शिकून आलेल्यांमध्ये मला एवढा फरक दिसतो : ते कागद घेऊन येतात. कुठल्या ओळीला कुठला बदल, किती सेकंदांत, हे लिहिलेलं असतं. मतभेद होतात, पण कशावर ते दोघांना माहीत असतं. गोदाकाठची, तू जाशील तेव्हा जा. त्याआधी पुढच्या स्पर्धेच्या दिवसांत माझ्याबरोबर लाइटच्या कन्सोलला बस. रोज एक नवीन नाटक, नवीन सेट, तोच रंगमंच. इतक्या कमी दिवसांत इतकी नाटकं विंगेतून बघायला दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत.

जेहान_सर्कलची_आई

माझा मुलगाही हेच म्हणतोय म्हणून सगळं वाचतेय. कोणीतरी नोकरीबद्दल स्पष्ट लिहाल का? कलेबद्दल आदर आहे, पण दोन-तीन वर्षांनी तो काय करेल?

प्रॉम्प्टबुक

ताई, निव्वळ नाटकाच्या दिग्दर्शनावर घर चालवणारे मराठीत मोजकेच, आणि तेही बहुतेक व्यावसायिक रंगभूमीवर. हे आधीच सांगते म्हणजे पुढे कोणी फसणार नाही. पण शिकलेल्या माणसाला आजूबाजूचे रस्ते उघडतात. एम.ए. नंतर नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देता येते, त्यात नाट्य हा विषय आहे, आणि महाविद्यालयात शिकवता येतं. एनएसडीची पदविका शिक्षकपदासाठी एम.ए.ला समकक्ष धरतात. शाळांमधून नाट्यशिक्षक घेतात, माझं स्वतःचं घर त्यावर चालतं. मालिका, जाहिराती, ऑडिओ कथा यांतही काम मिळतं. सिडकोकरांनी मालिकेतल्या कामाबद्दल लिहिलंय ते खरं, सुरुवात तशीच होते.

शिवाय केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं, आणि नाटकात दिग्दर्शनासाठीही ती मिळू शकते. आधी काही वर्षं गुरूकडे किंवा संस्थेत शिकल्याचं दाखवावं लागतं. बाहेर न जाता जाणत्या दिग्दर्शकाकडे शिकायचं असेल तर हा उत्तम मार्ग आहे. मुलाचं वय बसत असेल तर जाहिरातीवर लक्ष ठेवा.

परदेशाचं विचारतील म्हणून तेही लिहून टाकते. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेत दिग्दर्शनाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि २०२१ पासून, मोठी देणगी मिळाल्यावर, तिथे शिक्षणशुल्क घेत नाहीत. निवडतात अगदी थोडे, आणि हातात स्वतः केलेलं भरपूर काम असलेले. पदवी हातात पडल्या पडल्या तिकडे धावू नये, असं माझं मत.

काका, परत येण्याबद्दल. मी परत आले. इथे मला तालमीला जागा मिळवताना जेवढा त्रास झाला तेवढा शिकताना झाला नव्हता. शाळेचे वर्ग सुटल्यावर वर्गखोलीत, कोणाच्या गच्चीवर, असं करत नाटक बसवलं. मुलांनी परत यावं असं वाटत असेल तर शहरात रोज संध्याकाळी परवडणाऱ्या भाड्यात तालमीचा हॉल हवा. तुमच्यासारख्या ज्येष्ठांनी हे संस्थांच्या बैठकीत मांडलं तर वजन पडेल, आमचं ऐकत नाहीत.

साईखेडकर_मागची_रांग

मांडतो. आमच्या संस्थेची खोली आठवड्यातले चार दिवस बंदच असते. कार्यकारिणीत हा विषय घेतो, लेखी देतो.

गोदाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. विंगेतला माणूस दादा, मी कन्सोलला बसणार, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. प्रॉम्प्टबुक ताई, तुमचे प्रश्न वहीत उतरवून घेतले. पुणे आणि मुंबई दोन्हींचे फॉर्म भरायचं ठरवतेय, एनएसडीसाठी सहा नाटकांचे कागद जमवतेय. मुलाखतीला दिग्दर्शनवाल्यांना काय विचारतात? ट्रॉफ्यांचे फोटो न्यावेत का?

तिसरी_घंटा

फोटो फाइलमध्ये असू देत, पण बोलायला एक नाटक घेऊन जा. एकच. तुला खरंच करायचंय असं. ते तीन-चार वेळा वाच, ग्राउंड प्लॅन काढ, पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाला काय दिसेल ते क्रमाने सांगता आलं पाहिजे. 'हे नाटक आज का?' हा प्रश्न हमखास येतो. त्यावर 'आजही समकालीन वाटतं' असं उत्तर देऊ नकोस, सगळे तेच देतात. नाशिकमध्ये, तुझ्या आजूबाजूच्या कोणत्या माणसांसाठी ते करायचं आहे ते सांग.

प्रॉम्प्टबुक

आणि लेखकाबद्दल पाठ केलेलं बोलू नकोस. एखादा प्रसंग तुला सुटत नसेल तर तो कोणता आणि का सुटत नाही, हे सांग. मी शाळेसाठी नाट्यशिक्षक निवडते तेव्हा मुलाखतीत मला त्यावरून माणूस लगेच कळतो.

फॉर्म भरण्याआधी दोन्हीकडच्या मुलांची नाटकं बघून ये. सत्राच्या शेवटी त्यांचे प्रयोग होतात. प्रयोग संपल्यावर लगेच निघू नकोस, सेट उतरवताना थांब, मदत कर. त्या वेळी मुलं मोकळं बोलतात.

सिडकोकर

मुंबईचं बघायला जाणार असशील तर सांग, मी पंचवटी एक्स्प्रेसने रोज जातो. सकाळी आमच्या डब्यात जागा धरून ठेवीन. तो मालिकेतला मित्र कलिनाजवळच राहतो, त्याला सांगून अकॅडमीतल्या मुलांशी गाठ घालून देतो.